नेपाळला कृतघ्न म्हणण्याआधी

महोदय,

नेपाळविषयी आपल्या दैनिकात अलीकडे वाचकांची जी पत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच होता. भारतानं इतकं केलं, भूकंपात धावून गेलो, रस्ते बांधून दिले, तरी हा देश चीनच्या नादी लागतो, म्हणजे कृतघ्नच. ही पत्रं वाचून मला वाईट वाटलं. मी खानापूर तालुक्यातला, गलाई व्यवसायातला माणूस. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली, तशी काही घरं नेपाळातही गेली. आधी माझे चुलते आणि त्यांच्यानंतर मी, असं आमचं दुकान काठमांडूत होतं. परराष्ट्र धोरणाचा माझा अभ्यास नाही. पण दिल्लीत ठरलेलं धोरण ज्यांच्या चुलीपर्यंत आणि भट्टीपर्यंत पोहोचतं, त्या लोकांत माझी उमेदीची वर्षं गेली. पत्र लांबलं आहे. शक्य झाल्यास न कापता छापावं, ही विनंती.

आम्ही गलाईवाले व्हिसा न काढता काठमांडूत राहू शकलो ते ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारामुळे. त्याच्या सातव्या कलमानं दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार-धंदा करण्याची मोकळीक दिली. भारतभर हॉटेलांत राबणारे, सोसायट्यांच्या फाटकावर रात्र काढणारे लाखो नेपाळी त्याच कलमाच्या आधारावर इथे आहेत. म्हणजे या कराराचं मीठ मी खाल्लेलं आहे. तरीही तो तिथल्या साध्या माणसाला का सलतो, हे तिथे राहूनच समजलं. नेपाळतर्फे त्यावर सही आहे पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांची आणि भारतातर्फे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांची. एकीकडे देशाचा पंतप्रधान, दुसरीकडे राजदूत. दुकानात येणारी कॉलेजची पोरं मला हे पुन्हा पुन्हा ऐकवायची. शिवाय ज्या राणांनी सही केली त्यांच्या घराण्याची, पिढीजात पंतप्रधानपदाची सत्ता फेब्रुवारी १९५१ मध्ये गेली, आणि ती जाण्यात दिल्लीचाही हात होता. राजे त्रिभुवन नोव्हेंबर १९५० मध्ये भारतीय वकिलातीतच आश्रयाला आले होते.

दिल्लीनं तेव्हा असं का केलं, हे समजायला अवघड नाही. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांच्या फौजा तिबेटात घुसल्या. हिमालय ही इंग्रजांच्या काळापासून आपण आपली तटबंदी मानत आलो. म्हणून त्या दीड वर्षात भूतान, नेपाळ आणि सिक्कीम या तिघांशी एकापाठोपाठ करार झाले. भूतानच्या करारात तर परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्यानं चालावं असं कलमच होतं. ते २००७ मध्ये बदललं. ही भीती खरी होती, १९६२ नं ते दाखवून दिलं. त्या वेळच्या नेत्यांना मी दोष देत नाही. माझं म्हणणं एवढंच की नेपाळकडे नेपाळ म्हणून न बघता चीनच्या अलीकडची जमीन म्हणून बघायची सवय तेव्हा लागली, ती सुटलेली नाही.

चुलत्यांनी १९८९ सोसलं. त्याआधी नेपाळनं चीनकडून विमानभेदी तोफा आणि इतर शस्त्रं घेतली होती आणि काठमांडू खोऱ्यात काम करणाऱ्या भारतीयांना परवाने सक्तीचे केले होते. दोन्ही गोष्टी करारातल्या समजुतीविरुद्ध आहेत असं दिल्लीचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य होतं. आम्हा दुकानदारांनाही परवान्यांचा त्रास झालाच होता. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि मालवाहतुकीच्या करारांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही आणि दोन नाके सोडून सीमेवरचे बाकीचे नाके बंद झाले. समुद्र नसलेल्या देशात रॉकेल, मीठ, औषधं सगळं त्याच नाक्यांतून येतं. चुलते रॉकेलच्या रांगेत उभे राहायचे तेव्हा आजूबाजूचे लोक त्यांच्याशी बोलायचे नाहीत. पुढे एप्रिल १९९० मध्ये तिथली पंचायत राजवट, म्हणजे पक्षांना बंदी घालून राजानं चालवलेला कारभार, पडली, बहुपक्षीय लोकशाही आली आणि नाके उघडले. दिल्लीत कुणाला वाटलं असेल की दबाव कामी आला. चुलत्यांच्या रांगेतल्या माणसांच्या लक्षात मात्र रॉकेलच राहिलं.

आता २०१५. हे मी स्वतः पाहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, पंतप्रधान मोदी काठमांडूला आले. केवळ नेपाळभेटीसाठी भारताचा पंतप्रधान येण्याची सतरा वर्षांतली ती पहिली वेळ. त्यांनी तिथल्या संविधान सभेत भाषणाची सुरुवात नेपाळीतून केली. रस्त्यांवर दुतर्फा लोक उभे होते. माझ्या शेजारी काठमांडूला लागूनच्या पाटणचा एक शाक्य कारागीर बसायचा, पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती आणि दागिने घडवणारं घराणं. भारताविषयी तो एरवी चांगलं बोलत नसे. त्या दिवशी त्यानं मला चहा पाजला.

२५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास भूकंप झाला. सुमारे ९,००० माणसं गेली. काही तासांत भारतीय हवाई दलाची विमानं त्रिभुवन विमानतळावर उतरली होती. आम्ही मोकळ्या मैदानात ताडपत्रीखाली होतो आणि ती विमानं उतरताना बघून माझ्याभोवतीचे नेपाळी लोक हात जोडत होते. जूनमध्ये भारतानं पुनर्बांधणीसाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले. याला कुणी विसरलेलं नाही.

मग सप्टेंबर आला. नेपाळच्या संविधानाचा मसुदा तयार झाला होता. तराईतल्या, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी आणि थारू लोकांना प्रांतांच्या सीमा, नागरिकत्वाची कलमं, प्रतिनिधित्व हे सगळं आपल्या विरोधात वाटत होतं. त्यांची तक्रार खोटी नव्हती. काठमांडूतले पहाडी लोक मधेशींना कसं वागवतात हे मी रोज बघत होतो. सावळा रंग आणि हिंदी-मैथिली बोली दिसली की मलाही त्यांच्यातच मोजायचे. आंदोलनात पन्नासच्या आसपास माणसं मेली. भारतानं परराष्ट्र सचिव एस. जयशंकर यांना १८ सप्टेंबरला काठमांडूला पाठवलं. पण मसुदा दोन दिवसांपूर्वीच सभेत मंजूर झाला होता आणि २० तारखेला जाहीर व्हायचा होता. ठरलेल्या दिवशी तो जाहीर झाला. भारतानं स्वागत केलं नाही, नुसती दखल घेतली. आणि त्यानंतर ट्रक थांबले.

भारत सरकारनं तेव्हा आणि नंतरही सांगितलं की आम्ही काही अडवलेलं नाही, आंदोलक रक्सौल-वीरगंजच्या पुलावर बसलेत, ड्रायव्हर घाबरतात. पुलावर मधेशी आंदोलक बसले होते हे खरं आहे. पण ज्या नाक्यांवर तसं आंदोलन नव्हतं तिथूनही इंधन पूर्वीसारखं येत नव्हतं, हेही खरं आहे. नेपाळचं सगळं पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस तेव्हा एकाच भारतीय सरकारी कंपनीकडून यायचा. दसैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, गॅसशिवाय गेले. पुढे सिलिंडर मिळू लागले तेही अर्धे भरलेले. लोकांनी विजेच्या शेगड्या घेतल्या तर वीज दिवसातून कितीतरी तास नसायची. भूकंपात घर गेलेली माणसं पत्र्याच्या खोपटात थंडी काढत होती आणि शहरात सरपण विकायला आलं होतं. आमच्या भट्टीला गॅस नव्हता, तेजाब संपलं, मुशी थंड पडल्या. माझं नुकसान मी भरून काढलं. पण शाक्य कारागिरानं माझ्याकडे पाठ करून बसायला सुरुवात केली, ते मला जास्त लागलं. बाजारात मी मराठीतून फोनवर बोलणं बंद केलं होतं.

दिल्लीचा हेतू काय होता? इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटसुलट करतोय. काठमांडूतल्या चहाच्या टपरीवर उत्तर तयार असायचं: भारताला नेपाळचं सिक्कीम करायचंय. १९७५ मध्ये सिक्कीम भारताचं राज्य झालं, ही गोष्ट आपल्याला बातमीसारखी आठवते. त्यांना ती भीतीसारखी आठवते. पण हे उत्तर मला कधी पटलं नाही. नेपाळ गिळायची कुणाला इच्छा आहे, असं मला वाटत नाही. मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, चीनची जुनी भीती. दुसरी, घरचं राजकारण. तराई आणि बिहार यांच्यात रोटी-बेटीचा व्यवहार आहे. मधेशातल्या गोळीबाराची बातमी त्याच संध्याकाळी सीतामढी-मधुबनीच्या घरांत पोहोचते. त्या वर्षी १२ ऑक्टोबरपासून बिहार विधानसभेचं मतदान होतं. याचा काही संबंध नव्हता, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. तिसरी गोष्ट मानाची. आपला माणूस पाठवला आणि त्याचं ऐकलं नाही, हे मोठ्या देशाला फार झोंबतं. या तिन्ही गोष्टी एका वेळी एकत्र आल्या. तिथल्या बाईला मात्र एवढंच कळलं की भूकंपानंतर पाच महिन्यांत भारतानं चूल विझवली.

आणि त्यातून साधलं काय? मधेशींच्या बऱ्याच मागण्या तशाच राहिल्या. ऑक्टोबरमध्ये के. पी. ओली पंतप्रधान झाले आणि भारताला न झुकलेला नेता म्हणून ते तिथे मोठे झाले. २०१७ च्या निवडणुकीत त्यांच्या डाव्या आघाडीला प्रचंड यश मिळालं. चीननं एक हजार टन पेट्रोल भेट दिलं, ते फार दिवस पुरण्यासारखं नव्हतं, पण त्या टँकरांचे फोटो अजून लोकांच्या फोनमध्ये आहेत. मार्च २०१६ मध्ये ओलींनी बीजिंगला जाऊन चीनमार्गे मालवाहतुकीचा करार केला. ज्या चीनच्या भीतीनं आपण नेपाळला जपायला निघालो, त्याच्या दारात आपणच त्याला नेऊन उभं केलं. खरं तर हिमालय ओलांडून चिनी बंदरांतून माल आणणं नेपाळला परवडत नाही. आजही त्यांचा बहुतेक व्यापार भारताशी आणि भारतातूनच होतो. भूगोल आपल्या बाजूनं असताना आपण हे करून घेतलं.

मोठा दबाव निदान दिसतो तरी. नुसत्या दुर्लक्षानं होणारं नुकसान इथे कुणाला दिसतच नाही. नेपाळात भारतीय रुपया सर्रास चालायचा. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला. मुंबई-दिल्लीहून कमावून आणलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा बायका डब्यात, ट्रंकेत जपून ठेवायच्या, कारण तो पैसा त्यांना जास्त भरवशाचा वाटायचा. मोदींच्या भेटीनंतर, २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं अशा नोटा पंचवीस हजारांपर्यंत नेपाळात नेण्याची रीतसर परवानगी दिली. लोक खूश झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच नोटा रद्द झाल्या. भारतीयांना बँकेत बदलून मिळाल्या. नेपाळातल्या त्या बायकांच्या नोटा बदलून देण्याची व्यवस्था झालीच नाही. सोनं घ्यायला, मोडायला येणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासमोर त्या नोटा ठेवायच्या आणि विचारायच्या, साहूजी, तुम्ही इंडियाचे, तुमच्याकडे चालतील का? यात चीन नव्हता, निवडणूक नव्हती, कुणाचा राग नव्हता. निर्णय घेताना त्या कुणाच्या ध्यानातच आल्या नाहीत. छोट्या शेजाऱ्याशी आपल्या वागण्याचं मला सापडलेलं सर्वांत मोठं कारण हेच आहे: तो आपल्या ध्यानात नसतो, आणि ध्यानात येतो तेव्हा संशयित म्हणून येतो.

ही गोष्ट नेपाळपुरती नाही. जुलै २०१३ मध्ये भूतानच्या निवडणुकीला दोन आठवडे असताना त्यांच्या गॅस-रॉकेलवरचं भारताचं अनुदान थांबलं. योजनेचा कालावधी संपला, असं तांत्रिक कारण होतं आणि पुढच्या महिन्यात ते सुरूही झालं. पण त्याच्या आदल्या वर्षी भूतानचे पंतप्रधान चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते, हे थिंपूतला माणूस जोडणारच. बांगलादेशाशी तिस्तेच्या पाण्याचा करार सप्टेंबर २०११ मध्ये सहीच्या उंबरठ्यावरून मागे आला, कारण पश्चिम बंगालनं नकार दिला. आपल्या घरची अडचण आपल्याला दिसते. पलीकडच्या शेतकऱ्याला फक्त कोरडी नदी दिसते.

आणि आपण चांगलं करूच शकत नाही असंही नाही. ज्या २०१५ मध्ये नेपाळात हे घडलं, त्याच वर्षी ३१ जुलैच्या मध्यरात्री भारत-बांगलादेशानं एकमेकांच्या पोटातली खेडी अदलाबदल केली, भारताची १११ आणि त्यांची ५१. हिशेबात भारताची जवळपास दहा हजार एकर जमीन जास्त गेली, आणि संसदेत सगळ्या पक्षांनी तरीही घटनादुरुस्ती मंजूर केली. पन्नास हजारांहून अधिक माणसांना देश मिळाला. करार १९७४ चा होता, एक्केचाळीस वर्षं घरच्या राजकारणात अडकला होता. देशाला त्या दहा हजार एकरांचा तोटा जाणवला का? १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना इंद्रकुमार गुजराल यांनी मांडलं होतं की छोट्या शेजाऱ्यांशी वागताना भारतानं बरोबरीची परतफेड मागू नये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला, त्याची मुदत डिसेंबर २०२६ ची. तो कसा हाताळला जातो याकडे काठमांडूपासून मालेपर्यंत सगळ्यांचं लक्ष असणार.

आजची स्थिती सांगायची तर, नेपाळच्या ज्या वीज प्रकल्पांत चिनी पैसा किंवा चिनी ठेकेदार आहे त्यांची वीज भारत घेत नाही. लुंबिनीजवळच्या भैरहवाचा विमानतळ आशियाई विकास बँकेच्या पैशातून झाला, ठेकेदार चिनी. १६ मे २०२२ ला, बुद्धपौर्णिमेला, त्याचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी आपले पंतप्रधान लुंबिनीला आले, पण कुशीनगरहून हेलिकॉप्टरनं थेट. मी तेव्हा गावी परतलो होतो. जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून मला विचारलं, आमच्या धावपट्टीवर पाय ठेवला असता तर काय बिघडलं असतं? मला उत्तर देता आलं नाही. उलट नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या तारांवरून नेपाळची ४० मेगावॅट वीज बांगलादेशाला पोहोचली तेव्हा तेच लोक आनंदानं सांगत होते. चाळीस मेगावॅट म्हणजे काहीच नाही. पण मोठ्यानं वाट दिली, याचं त्यांना अप्रूप होतं.

आता महाराष्ट्राच्या वाचकांसाठी मुद्दाम एक गोष्ट. १९५० च्या करारासह सगळ्या जुन्या करारांचा फेरविचार करायला २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या मान्यवरांचा एक गट नेमला गेला. भारतातर्फे त्याचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. नेपाळतर्फे भेखबहादुर थापा. दोन्ही बाजूंनी एकमतानं अहवाल तयार केला तो २०१८ मध्ये. तो दोन्ही पंतप्रधानांना द्यायचा होता. कोश्यारी राज्यपाल म्हणून आले, राजीनामा देऊन गेले, आणि अहवाल दिल्लीनं स्वीकारलेलाच नाही. त्यातलं काही मान्य नसेल तर तसं सांगावं. आपल्याच माणसानं सही केलेला कागद हातात घ्यायचाच नाही, याचा अर्थ शेजाऱ्यानं काय लावावा?

नेपाळचे नेते धुतल्या तांदळासारखे आहेत असं मला म्हणायचं नाही. निवडणूक आली की भारताला शिव्या देणं त्यांना सोपं जातं, आणि मधेशींशी ते जे वागले त्याचा जाब त्यांनीच द्यायला हवा. पण मी भारताचा नागरिक आहे, माझं मत भारतात आहे, म्हणून मागणंही इथेच मागतो. आपल्या खासदारांनी संसदेत तीन गोष्टी विचाराव्यात. मान्यवर गटाचा अहवाल कधी स्वीकारणार? कितीही मतभेद झाले तरी इंधन, औषधं आणि अन्न यांची वाहतूक थांबणार नाही, असं कलम नेपाळबरोबरच्या मालवाहतूक करारात घालणार का? आणि २०१६ पूर्वी नेपाळात नेलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा, त्या वेळच्या पंचवीस हजारांच्या मर्यादेत, ओळख पटवून बदलून देणार का? त्यातल्या काही बायका आता हयात नाहीत. ज्या आहेत त्यांच्या नोटा अजून त्यांच्याकडे आहेत, कारण त्या टाकून द्यायला त्यांचा हात धजत नाही.

– एक गलाई व्यावसायिक, ता. खानापूर, जि. सांगली